आखाड्यावरची वाकळ

लातूरकडं भूकंप झाला त्या साली मी नवी नवरी होते. उन्हाळ्यात लग्न झालं, पावसाळा सासरी गेला, आणि पाऊस सरता सरता मला दिवस गेल्याचं घरात सगळ्यांना कळलं होतं. माझं माहेर हट्ट्याचं, वसमत तालुक्यातलं. सासर सेनगाव तालुक्यात, पुसेगावहून पायी जाता येईल अशा एका लहान गावात. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातच होती. घरात आम्ही चौघं. सासूला मी आत्याबाई म्हणायचे, सासऱ्यांना मामाजी, आणि माझे मालक त्यांचे एकुलते एक.

घर धाब्याचं होतं. मातीच्या रुंद भिंती, त्यावर सागाची लाकडं, लाकडांवर पांढऱ्या मातीचं जाड छत. दर उन्हाळ्याच्या अखेरीला मामाजी वर चढून मातीचा नवा थर द्यायचे. त्यांच्या वडिलांनी बांधलेलं घर होतं ते. हिवाळ्यात उबदार आणि उन्हाळ्यात गार. पाहुणा आला की मामाजी पाण्याआधी त्याला छताची लाकडं दाखवायचे.

त्या पहाटे मांडणीवरची पितळी भांडी एकमेकांवर वाजायला लागली. काही खाली आली, छतातून माती भुरभुरली. आम्ही अंगणात पळालो तोवर सगळं थांबलंही होतं. गल्लीत माणसं उभी, कुत्री भुंकून राहिलेली. उजाडल्यावर मामाजींनी भिंतीवरून हात फिरवला, एका बारीक भेगेत नख घालून पाहिलं आणि म्हणाले, "काई झालं न्हाई. चहा टाका."

दुपारी रेडिओवर बातमी आली तेव्हा आत्याबाई हातातलं सूप तसंच धरून बसल्या. त्यांची धाकटी बहीण औशाकडं दिलेली होती. मालक त्यांना घेऊन तिकडं गेले. मधल्या दिवसांत मी आणि मामाजी दोघंच घरात. मामाजी माझ्याशी फार बोलत नसत. मी भाकरी वाढायची, ते जेवायचे आणि मधेच वर छताकडं बघायचे.

आत्याबाई परत आल्या त्या वेगळ्याच होऊन. बहीण वाचली होती. गरम होतं म्हणून ती त्या रात्री अंगणात निजली होती. तिचे सासू-सासरे आत होते. याच्यापुढं आत्याबाईंनी काही सांगितलं नाही, मालकांनीही नाही. फक्त भाकरी थापताना, शेण सारवताना, मधेच त्या स्वतःशी म्हणायच्या, "माती लय जड असती बाई."

सगळं गावच तेव्हा बाहेर निजायचं. गल्लीत बाजा मांडलेल्या, लेकरं एका पांघरुणात तिघं-चौघं. मग हळूहळू एकेक घर आत गेलं. रात्री गारवा पडायला लागला होता आणि जमीन पुन्हा हलली नव्हती. मामाजी तर पहिल्याच आठवड्यात आत गेले. आम्हीही गेलो, पण आत्याबाईंनी चुलीजवळ पितळेचा तांब्या काठोकाठ पाण्यानं भरून ठेवला आणि त्यावर एक वाटी आडवी टेकवली. जरा धक्का बसला तर वाटी पडावी, आवाज व्हावा. ती वाटी मांजरानं पाडली तरी आम्ही दारात. दार लोटायचं नाही, कडी लावायची नाही. अंगणात जायच्या वाटेवर घागर ठेवायची नाही. मला निजल्यावर छताची लाकडं दिसायची आणि मी मनात पळून बघायचे: इथून उंबरा, तिथून ओसरी, ओसरीवरून उडी. दिवसाही मन थाऱ्यावर नसायचं. पाणी भरायला गेले तर घरी काय झालं असेल असं वाटायचं आणि घरी असले तर बाहेर जावंसं वाटायचं.

दसऱ्याच्या आसपासची दुपार होती. मी चुलीपुढं बसून अंबाडीची भाजी घोटत होते. अचानक काहीतरी हललं. बारीक, पण हललं. मी "हललं! हललं!" म्हणून ओरडले आणि हातातल्या रवीसकट बाहेर धावले. आत्याबाई परसात होत्या, त्या माझा दंड धरून मला ओढतच गल्लीत घेऊन गेल्या. माझा आवाज ऐकून शेजारची घरं रिकामी झाली. कुणी म्हातारीला पाठीवर घेतलं, कुणी शेळी सोडली. सगळे उभे. काहीच झालं नाही.

आत्याबाई आत जाऊन तांब्या बघून आल्या. "पानी तर हललं न्हाई," त्या म्हणाल्या. "वाटी बी जागच्या जागी. काय हललं गं?"

तेवढ्यात पुन्हा तसंच झालं. या वेळी मी उघड्यावर उभी होते, पाय जमिनीवर घट्ट होते. माझा हात आपोआप पोटावर गेला.

शेजारची म्हातारी आधी हसली. मग गल्लीभर हसू पसरलं, एका बाईनं तर पदर तोंडात कोंबला. मी लाजेनं मान खाली घातली. आत्याबाई मात्र हसल्या नाहीत. त्या माझ्या पोटाकडं बघत होत्या, मग वळून घराच्या छताकडं बघायला लागल्या. त्या संध्याकाळी त्यांनी मालकांना गाडी जुंपायला सांगितली.

"कुठं?" मामाजींनी विचारलं.

"आखाड्यावर. मी आन् सून तिथंच ऱ्हाणार."

आमच्याकडं शेतातल्या गोठ्याला, खोपीला आखाडा म्हणतात. आमचा आखाडा गावापासून तासाभराच्या आतल्या अंतरावर, ओढ्याच्या कडेला. तुराट्यांच्या कुडाला शेण लिंपलेलं आणि वर गवताचं छप्पर. बैलं, एक म्हैस आणि काही शेळ्या तिथं असायच्या.

"काहून?" मामाजी म्हणाले. "घराला काय धाड भरली? भूकंप झाला तवा एक ढेकूळ तरी पडलं का?"

"मंग पडल्यावर जायचं व्हय?"

"दिवसातली पोर हाय ती. थंडीत कुडाखाली ठिवती का तिला?"

"कूड पडला तर अंगावर गवत पडंल," आत्याबाई म्हणाल्या. "गवत झाडून उठता येतं."

मामाजी उठून बाहेर गेले. मालक दोघांच्या मधे उभे होते, कासरा हातात घेऊन. शेवटी गाडी निघाली. मामाजी आले नाहीत.

तो हिवाळा आमचं घर असं दोन जागी मोडलेलं होतं. मामाजी गावात, धाब्याखाली, एकटे. आम्ही आखाड्यावर. मालक कधी इथं, कधी तिथं. सकाळची भाकरी मामाजींना पोचवायचं काम माझ्याकडं आलं, कारण आत्याबाई गावातल्या घरात पाऊल टाकत नव्हत्या. चालल्यानं बाळंतपण सोपं जातं असं त्या म्हणायच्या. मलाही चालणंच बरं वाटायचं. बसले की पाय वळवळायचे. पांदीनं जाताना दोन्हीकडं तूर उभी, पलीकडं करडी, हरभरा. दव इतकं की लुगडं गुडघ्यापर्यंत भिजायचं.

घरी पोचले की मामाजी ओसरीवर बसलेले असायचे. भाकरीचं फडकं सोडायचे, जेवायचे. मग विचारायचे, "तुझी सासू काय म्हनून राहिली?"

"काही नाही."

"थंडी वाजती का तिला?"

"वाजते."

"मंग वाजू दे," असं म्हणायचे आणि जरा वेळानं आतून एखादं कापड आणून माझ्यापुढं टाकायचे. जुनं धोतर, पटका, विटलेली बंडी. "हे ने. काई तरी शिवा म्हनाव."

थंडी खरंच होती. ओढ्याकाठी तर जास्तच. तुराट्यांच्या फटींतून वारा यायचा आणि घरातून आणलेली पांघरुणं पुरत नव्हती. म्हणून आत्याबाईंनी वाकळ शिवायला घेतली. वाकळ म्हणजे गोधडीच, पण आमच्याकडची वाकळ जाड असते, अंगावर घेतली की कुणीतरी वर हात ठेवल्यासारखं वाटतं. आत्याबाईंचं एक जुनं नऊवारी लुगडं खाली अंथरलं, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले, त्यावर मामाजींची धोतरं, मालकांच्या शाळेतल्या सदऱ्यांचे तुकडे, माझा लग्नाआधीचा एक परकर. वरून दुसरं लुगडं. मग कडेनं सुरुवात करून आत आत सरकत जाणारा धावदोरा.

शिवणं म्हटलं की शांत काम वाटतं. आमचं तसं नव्हतं. आत्याबाई भराभरा टाके घालायच्या, मधेच थांबून कान द्यायच्या. म्हशीनं पाय आपटला, लांब रस्त्यावरून ट्रक गेला, ओढ्यात दरड घसरली, की सुई हवेत. मग पुन्हा खाली. घातलेली ओळ पसंत पडली नाही तर दातानं दोरा तोडून सगळी उसवायच्या. मी म्हणायचे, "आत्याबाई, चांगली तर झाली होती." त्या म्हणायच्या, "मन न्हवतं त्यात." मलाही एका जागी बसवत नव्हतं. मी चार टाके घातले की उठायचे, चुलीत लाकूड सारायचे, शेळ्यांकडं बघायचे, पुन्हा येऊन बसायचे. त्या वाकळीवर माझ्या ओळी कुठल्या ते आजही ओळखता येतं. मधे मधे तुटलेल्या आहेत.

खाणं मात्र त्या हिवाळ्यासारखं मी पुन्हा कधी खाल्लं नाही. सगळं हाताच्या अंतरावर. करडीची कोवळी भाजी तोडायची आणि तिथंच तव्यावर टाकायची. तुरीच्या शेंगा मीठ घालून मडक्यात उकडायच्या. वांगी निखाऱ्यात भाजून, लसूण-मिरची ठेचून भरीत. म्हैस दुभती होती म्हणून भाकरीवर लोण्याचा गोळा. हरभरा वर आला की त्याचा कोवळा पाला खुडून, कांदा, कच्चं तेल आणि तिखट घालून घोळाणा. हरभऱ्याच्या पाल्यावरची आंब बोटांना लागायची, ती चाटतच मी घरी जायचे. भूक मला इतकी लागायची की जेवून उठले तरी शेंगा सोलत बसायचे. आत्याबाई बघायच्या आणि आणखी एक भाकरी टाकायच्या. त्या स्वतः मात्र उभ्या उभ्या खायच्या, एक डोळा माझ्यावर, एक बाहेर.

संक्रांतीच्या आधी माझी आई मला न्यायला आली. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलंच होतं. हट्ट्याहून हिंगोली, हिंगोलीहून पुसेगाव, आणि पुढं कुणाच्या तरी बैलगाडीतून ती आधी गावातल्या घरी गेली. तिथं मामाजी एकटे बसलेले. त्यांनी तिला छताची लाकडं दाखवली, मग पाणी दिलं आणि आखाड्याची वाट सांगितली. आई आली तेव्हाच तिचं तोंड उतरलेलं होतं. लेक सासरी गेली म्हणजे घरात गेली असं ती समजत होती. इथं लेक गोठ्यात.

पाणी झालं, जेवण झालं. मग आईनं विषय काढला. "इहीनबाई, परवा निघावं म्हनते. नववा लागायच्या आत पोर घरी न्यावी."

आत्याबाई सुपात तूर पाखडत होत्या. "तुमच्या घरावर काय हाय?"

"काय हाय म्हंजे?"

"पत्रे हायती का धाबं?"

"धाबं हाय," आई म्हणाली. "सगळ्याइचं हाय तसंच."

"मंग मी धाडत न्हाई."

आईला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिचा आवाज चढला. "माझ्या घरात माझी चार लेकरं झाली. त्या धाब्यानं कुनाला काई केलं न्हाई."

"माझ्या बहिनीच्या घरात बी झाली व्हती," आत्याबाई म्हणाल्या.

मी दोघींच्या मधे बसले होते. मला आईबरोबर जायचं होतं. हट्ट्याची गल्ली, माझ्या मैत्रिणी, आईच्या हातचं खाणं, सगळं आठवत होतं. आणि त्याच वेळी माहेरच्या घराचं छत डोळ्यांपुढं आलं. न्हाणीपासून दार किती लांब आहे ते मी मनात मोजायला लागले. मी म्हणाले, "आई, मी इथंच राहते."

आई दुसऱ्या दिवशी सकाळी निघून गेली. जाताना तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला, पण आत्याबाईंचा निरोप घेतला नाही. मी पांदीच्या तोंडापर्यंत तिच्याबरोबर चालत गेले. ती पुढं बघून चालत होती. "तुला तिनं भेव घातलं," एवढंच म्हणाली.

मी परत आले आणि दिवसभर मला काही सुचलं नाही. भाकरी करपली. सुई हरवली, ती शोधताना मी रडले, आणि आत्याबाईंनी गवतातून सुई शोधून दिली.

संक्रांत झाली. तीळ घातलेल्या बाजरीच्या भाकरी झाल्या. त्यानंतरच्या आठवड्यात एका दुपारी शेळ्या ओरडायला लागल्या म्हणून मी बाहेर आले, तर पांदीनं आई येत होती. डोक्यावर मोठं गाठोडं, काखेत एक डबा. घामाघूम झालेली. तिनं गाठोडं आत्याबाईंच्या समोर टाकलं.

"तुमी धाडत न्हाई तर मीच आले," ती म्हणाली. "बाळंतपन मी करनार. कुठं निजू ते सांगा."

आत्याबाईंनी चुलीजवळची, त्यातल्या त्यात ऊब असलेली जागा झाडली आणि स्वतःचं अंथरूण दाराकडं सरकवलं.

गाठोड्यात आईनं आणलेली जुनी लुगडी होती, मऊ झालेली, बाळाच्या दुपट्यांसाठी. डब्यात डिंकाचे लाडू. दुसऱ्या दिवसापासून दोघी एकाच वाकळीवर बसल्या. एक या टोकाला, एक त्या टोकाला. बोलणं कामापुरतं.

"दोरा."

"घ्या."

"हा काठ वाकडा चालला."

"तुमच्याकडून वाकडा हाय."

आईचा टाका बारीक आणि सरळ, आत्याबाईंचा लांब आणि घाईचा. आई म्हणायची, हट्ट्याकडं वाकळीच्या मधे चौकट भरतात. आत्याबाई म्हणायच्या, आमच्याकडं भरत न्हाईत. आईनं चौकट भरायला घेतली. आत्याबाईंनी ती उसवली नाही. जेवणातही तेच. आई घोळाण्यात शेंगदाण्याचा कूट घालायची, आत्याबाईंना तो आवडत नसे. मग दोन वेगवेगळे घोळाणे व्हायचे, दोन्ही माझ्या ताटात. मी दोन्ही संपवायचे. त्या दोघी माझ्या ताटाकडं बघायच्या, आणि मला हसू यायचं, आणि मग एकाएकी धडधडायला लागायचं.

हुरड्याच्या दिवसांत मामाजी पहिल्यांदा आखाड्यावर आले. ज्वारीची कणसं निखाऱ्यात भाजून मालक हातावर चोळत होते. मामाजी जरा लांब, शेताच्या धुऱ्यावर, बांधावर बसले. आत्याबाईंनी माझ्या हातून त्यांना हुरडा, जवसाची चटणी, गुळाचा खडा पाठवला. त्यांनी खाल्लं. सगळ्यांसमोर म्हणाले, "गोड हाय औंदाचा." मग वाकळीकडं बघून म्हणाले, "माझं धोतर कुठाय यात?" आत्याबाईंनी वर न बघता एका जागी सुई टोचून दाखवली. "इथं." ऊन उतरायच्या आत मामाजी उठले आणि गावाकडं चालू लागले. आत्याबाई शिवत राहिल्या, पण ते दिसेनासे होईपर्यंत त्यांनी नवा दोरा ओवला नाही.

बाळंतपण हिंगोलीच्या दवाखान्यात करायचं असं मालकांनी ठरवलं होतं. जीपवाल्याशी बोलूनही ठेवलं होतं. पण वेळ आधीच आली. माघातली सकाळ होती. मी मामाजींची भाकरी बांधत होते आणि फडक्याची गाठ मारता मारता खाली बसले. मालक सायकल घेऊन आधी जीप बघायला गेले, जीप लग्नाच्या वऱ्हाडाला गेलेली. मग ते जवळच्या तांड्यावरच्या सुईणीला सायकलीवर मागं बसवून घेऊन आले. तोवर आई माझ्या पाठीशी आणि आत्याबाई समोर. मला आठवतं ते असं: आईचे हात माझ्या काखेत, आणि आत्याबाई सारख्या म्हणत होत्या, "भिऊ नको, भिऊ नको." त्यांचेच ओठ पांढरे पडले होते. आई मागून म्हणाली, "इहीनबाई, तुमी पानी तापवा. तुमी भ्यालात तर ती भिईल." आणि आत्याबाई मुकाट्यानं उठून चुलीपुढं गेल्या.

सुईण आली, तिनं हात धुतले, दोघींना बाजूला सारलं. दुपार व्हायच्या आधी मुलगी झाली. बारीक होती, पण आवाज मोठा. आईनं तिला मऊ लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलं. वाकळ अजून पुरी झाली नव्हती. एक कड उघडी होती, सुई तिथंच दोऱ्याला लोंबत होती. आत्याबाईंनी सुई काढून कुडात टोचली आणि वाकळ तशीच आमच्या दोघींवर घातली.

त्या दिवशी मामाजींना भाकरी गेली नाही. दुपार कलली तसे ते स्वतःच आले, चिडून आले असावेत, कारण लांबूनच म्हणाले, "आज मला उपाशी ठिवता का?" मग त्यांना रडणं ऐकू आलं. ते कुडाबाहेर थांबले. आत्याबाई बाळाला घेऊन बाहेर गेल्या. मला आतून तुराट्यांच्या फटीतून दोघांचे पाय दिसत होते.

"बारकी हाय," मामाजी म्हणाले.

"व्हईल मोठी."

"थंडी हाय इथं. बाळंतिनीला वारा लागंल. घरी चला आता."

"न्हाई."

"माझ्यासाठी न्हाई म्हनत मी. लेकरासाठी म्हनतो."

"मी बी लेकरासाठीच म्हनते," आत्याबाई म्हणाल्या. मग त्यांचा आवाज फुटला. सगळ्या हिवाळ्यात पहिल्यांदा. "मी पाह्यलंय तिथं. तुमी न्हाई पाह्यलं. डोळे मिटले की तेच दिसतं मला. तुमाला घरात ठिवून मी इथं निजते तर मला झोप लागती का? सारखं वाटतं, आता आवाज येईल, मंग येईल."

मामाजींचे पाय बराच वेळ तिथंच होते. त्या रात्री ते आखाड्यावर राहिले, बैलांच्या बाजूला, कडब्यावर.

होळी झाल्यावर त्यांनी छत काढायला घेतलं. कुणाला सांगितलं नाही. मी बाळाला घेऊन गावात गेले तर ते वर चढलेले, कुदळीनं माती उकरून खाली लोटत होते. मालक खाली टोपल्या भरत होते. गल्लीत धूळच धूळ. लोक म्हणत होते, चांगलं घर मोडून राहिला म्हातारा. माती संपली तशी लाकडं उघडी पडली. मामाजींनी एकेक लाकूड ठोकून पाहिलं आणि आत्याबाईंना बोलावणं पाठवलं. त्या आल्या. किती महिन्यांनी त्या अंगणात उभ्या होत्या.

"हे बघ," मामाजी वरून म्हणाले. "एक बी किडलेलं न्हाई. सगळं बराबर हाय. आनखी दोन पिढ्या टिकलं असतं."

"व्हय," आत्याबाई म्हणाल्या. "घर चांगलंच व्हतं. मलाच झोप न्हवती."

मामाजींनी मान हलवली आणि पुढचं लाकूड सोडवायला घेतलं.

पाऊस यायच्या आत पत्रे पडले. आम्ही सगळे घरी आलो. आत्याबाई पहिल्या रात्री आडव्या झाल्या त्या सूर्य वर आला तरी उठल्या नाहीत. आई तेव्हा हट्ट्याला परतली होती. तिला पुढं हे कळलं तेव्हा ती म्हणाली, बरं झालं, उठवलं नाही ते. मामाजींना मात्र पत्र्याखाली जमेना. उन्हात भट्टी, पावसात ढोल, थंडीत वरून दवाचं पाणी ठिबकायचं. पत्र्यावरून खारुटी पळाली तरी ते उठून बसायचे. एक-दोन वर्षं त्यांनी काढली, मग बाज उचलून आखाड्यावर गेले ते शेवटपर्यंत तिथंच निजले. आत्याबाई त्यांची चेष्टा करायच्या नाहीत. भाकरी घेऊन स्वतःच जायच्या, आणि हिवाळ्यात हरभरा आला की दिवसभर तिथंच राहायच्या.

आई आणि आत्याबाईंची मैत्री झाली असं मी म्हणणार नाही. पण दर हिवाळ्यात आई पंधरा दिवस यायची आणि दोघी एक वाकळ शिवायच्या. टोकं बदलायची नाहीत. भांडण काठावरूनच. माझ्या धाकट्या मुलाच्या वेळी माहेरी जायचं ठरलं तेव्हा आत्याबाईंनी काही विचारलं नाही; त्यांनी फक्त मालकांना माझ्याबरोबर धाडलं, मी अंगणात निजते की नाही ते बघायला. हट्ट्याच्या घरावर तोवर पत्रे पडले होते. आईनं ते मला आधी सांगितलं नव्हतं.

पुढं लेकरांच्या शाळेसाठी आम्ही हिंगोलीला आलो, बसडेपोच्या पलीकडं, सिमेंटच्या छताच्या दोन खोल्यांत. नवं शतक लागलं होतं. आत्याबाई हिवाळ्यात यायच्या, येताना पोत्यात ओल्या तुरीच्या शेंगा, वांगी, करडीची भाजी ओल्या फडक्यात गुंडाळून. शहरातली भाजी त्यांना गोड लागत नसे. दुपारी आम्ही गच्चीवर कापडं अंथरून बसायचो. शेजारणी म्हणायच्या, बाजारात एवढी ब्लँकेटं मिळतात, कशाला डोळे फोडता. आत्याबाई हसायच्या. त्यांची नजर कमी झाली होती, सुई मी ओवून द्यायचे, टाके त्या अंदाजानं घालायच्या, आणि ते पूर्वीपेक्षा सावकाश, सरळ पडायचे.

मला मात्र अजून बसवत नाही. मालगाडी स्टेशनात शिरताना भिंत जराशी थरथरते तेव्हा माझी सुई थांबते. एकदा तसंच झालं. मी उठले, जिन्यापर्यंत गेले. मुलगी तेव्हा आठवीत होती, गच्चीच्या कठड्याला टेकून शेंगा सोलून खात बसलेली. "आई, काय झालं?" तिनं विचारलं.

"रेल्वे हाय ती," आत्याबाई म्हणाल्या, वर न बघता. "बस."

मी बसले. मुलीनं सोललेल्या दाण्यांची मूठ माझ्यापुढं धरली. दाणे कोवळे होते, मी ते खाल्ले आणि दुसरी ओळ घ्यायला लागले.